मधला माल : वस्तुविनिमयाचे गणित आणि वर्गातला अनुभव

वस्तुविनिमयाच्या गणितात पैसा नसतो, म्हणून किंमत कशात मोजायची हे आधी ठरवावे लागते. शेळीची किंमत कोंबड्यांत सांगितलेली असते, कोंबडीची ज्वारीत, आणि विचारलेले असते शेळीला ज्वारी किती. शेळी आणि ज्वारी यांचा थेट भाव कुठेच दिलेला नसतो. पण दोन्हींचा भाव कोंबडीशी जुळलेला असतो. कोंबडी हा इथला मधला माल. तो हेरायचा आणि दोन्हीकडचा माल त्यात उतरवायचा, एवढेच या गणिताचे कसब. पाचवी ते सातवीच्या वर्गांना वर्षानुवर्षे गणित शिकवणाऱ्यांचा अनुभव असा की या उदाहरणांत चुकणारी मुले गुणाकारात क्वचित चुकतात. गुणायचे की भागायचे, इथे त्यांचे अडते.

एक साधे उदाहरण घेऊ. एका आठवडी बाजारात २ शेळ्यांना ३० कोंबड्या आणि ३ कोंबड्यांना १० पायल्या ज्वारी असा भाव आहे. एका शेळीला किती ज्वारी? पाठ्यपुस्तकाच्या वळणाने शिकलेले मूल एकमान पद्धतीकडे धावते : एका कोंबडीला किती? १० भागिले ३. उत्तर येते ३ पायल्या, १ शेर आणि वर शेराचा तिसरा हिस्सा. इथे निम्मा वर्ग थबकतो, कारण ‘उत्तर पूर्ण येत नाही, म्हणजे गणित चुकले’ ही समजूत प्राथमिक शाळेत फार घट्ट बसलेली असते. प्रत्यक्षात इतके खोल जायची गरजच नाही. शेळीला १५ कोंबड्या. १५ कोंबड्या म्हणजे तीन-तीनचे ५ गट. गटाला १० पायल्या. म्हणजे ५० पायल्या. एकमान पद्धत कुठेही चालते हे खरे, पण विनिमयाच्या उदाहरणात ती सवयीने पहिली शिकवू नये. बाजारातला माणूस एका कोंबडीची ज्वारी शेराच्या तुकड्यापर्यंत कधी मोजत बसत नाही. तो तीन कोंबड्यांचे पाय बांधतो आणि दहा पायल्या मापून घेतो.

माल दोनांपेक्षा अधिक झाला की एक गोष्ट मात्र पक्की करावी : सगळा माल एकाच वस्तूत उतरवायचा, आणि ती वस्तू शक्यतो सगळ्यांत स्वस्त असावी. वरच्याच बाजारात एका वासराला १३० पायल्या पडतात असे समजू. घेणाऱ्याकडे २ शेळ्या आहेत, बाकीचे त्याला कोंबड्यांत द्यायचे आहे. शेळ्यांच्या १०० पायल्या झाल्या, ३० उरल्या, त्यांच्या ९ कोंबड्या. हेच वासरू शेळ्यांत मोजायला गेले तर २ पूर्णांक ३ पंचमांश शेळ्या येतात. गणित तेही बरोबरच, पण तीन पंचमांश शेळी डोळ्यांसमोर आणणे मुलाला जमत नाही, आणि न दिसणाऱ्या संख्येशी ते पुढे काय करत आहे याचे भान सुटते. स्वस्त वस्तूत मोजले की अपूर्णांक बहुधा येतच नाहीत, आले तरी पायलीचा शेर होऊन जातो.

जुन्या पिढीला या उतरंडीची सवय वेगळ्या वाटेने झालेली होती. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. पुढे मणाच्या पायल्या मुलखागणिक बदलत, कुठे १२ तर कुठे १६. आणि २० मणांची खंडी. पैशातही तेच : रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढच्या काही वर्षांत किलो-लिटरही आले. हिशेब सोपा झाला यात वाद नाही. पण एक मोठे एकक मोडून लहानात उतरवणे आणि पुन्हा वर चढवणे हा जो रोजचा सराव पावकी, निमकी, सवायकी, दिडकीच्या पाढ्यांनी होत असे, तो गेला. नगाला दीड पायली असा भाव असेल तर सात नगांना साडेदहा हे दिडकी पाठ असलेल्याला मोजावे लागत नसे. आजच्या मुलाला दीड गुणिले सात मांडावे लागते. विनिमयाचे उदाहरण त्याला अवघड वाटते ते काहीसे यामुळेही.

आता मुख्य अडचण. पुढे अक्षरे येतात आणि ‘१ शेळी म्हणजे १५ कोंबड्या’ हे वाक्य समीकरणात लिहायची वेळ येते. वर्गातली काही मुले श = १५क लिहितात, काही क = १५श. शिक्षक एकाला चूक आणि दुसऱ्याला बरोबर ठरवून पुढे गेला तर त्याने घोटाळा वाढवला असे समजावे, कारण दोन्ही बरोबर असू शकतात. श ही एका शेळीची किंमत आणि क ही एका कोंबडीची किंमत धरली तर श = १५क, कारण शेळी पंधरापट महाग. पण श म्हणजे दिलेल्या शेळ्यांची संख्या आणि क म्हणजे मिळालेल्या कोंबड्यांची संख्या धरली तर क = १५श, कारण कोंबड्या पंधरापट जास्त येतात. व्यवहार एकच, समीकरणे उलटसुलट. जी वस्तू महाग तिचे नग कमी : हे वाक्य म्हणून दुसरीतले मूलही सांगेल, पण अक्षराआड ते लपते. मुलाच्या डोक्यात श म्हणजे ना किंमत असते ना संख्या; श म्हणजे शेळीच असते, चार पायांची. मग ते वाक्य डावीकडून उजवीकडे जसेच्या तसे अक्षरांत उतरवते, आणि दोन ओळींनंतर संख्येच्या जागी किंमत घालून मोकळे होते.

यावर वर्गात उपयोगी पडलेला उपाय अगदी किरकोळ आहे. अक्षर वापरण्याआधी फळ्यावर एका कोपऱ्यात ते कशाचे हे लिहायचे : ‘भाव’ की ‘नग’. विनिमयाच्या उदाहरणात शक्यतो भावच घ्यावा. भाव घेतला की बेरीज करता येते. शेळीचा भाव अधिक कोंबडीचा भाव याला अर्थ आहे. शेळ्यांची संख्या अधिक कोंबड्यांची संख्या यातून फक्त डोकी मोजली जातात.

खालच्या वर्गांत दुसरीच चूक दिसते. २ शेळ्यांना ३० कोंबड्या, तर ३ शेळ्यांना किती? उत्तर येते ३१. शेळी एकाने वाढली म्हणून कोंबडीही एकाने वाढवली. या मुलांसमोर तोंडी पट-पट करून काही होत नाही. चिंचोके द्यावेत, एकेका शेळीच्या चित्रापुढे पंधरा-पंधरा मांडायला लावावेत. तिसरी शेळी ठेवल्यावर तिच्यापुढे एकच चिंचोका ठेवताना मुलाचा हात आपोआप थांबतो.

विनिमयाचे गणित भारतीय परंपरेत जुने आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त त्याचा नियम आहे. शके १०७२ म्हणजे ११५० साली पूर्ण झालेल्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त त्याला ‘भांडप्रतिभांडक’ असे नाव आहे आणि एक देखणे उदाहरण आहे. बाजारात एका द्रम्माला ३०० आंबे आणि एका पणाला ३० डाळिंबे मिळतात. तर १० आंब्यांच्या बदल्यात किती डाळिंबे यावीत?

सातवीच्या वर्गाला हे उदाहरण सांगितले की पहिले उत्तर जवळजवळ ठरलेले असते : एक. ३०० आणि ३०, म्हणजे दहास एक. दहा आंब्यांना एक डाळिंब. संख्या इतक्या सोयीच्या आहेत की डोळा द्रम्म आणि पण या शब्दांवर ठरतच नाही. लीलावतीच्या सुरुवातीला दिलेले नाण्यांचे कोष्टक इथे लागते : २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. म्हणजे ३०० आंबे १६ पणांना आहेत. १० आंब्यांचे १६ भागिले ३० पण होतात. एका पणाला ३० डाळिंबे. तेव्हा डाळिंबे १६. दोन्हीकडचा तीस उडून जातो आणि उत्तर नेमके नाण्याच्या कोष्टकातले १६ उरते. घाईने काढलेले ‘एक’ आणि खरे ‘सोळा’ यांत नेमके तेवढेच अंतर आहे, जेवढे पण आणि द्रम्मात. भास्कराचार्यांनी संख्या मुद्दाम अशा निवडल्या असाव्यात असे शिकवणाऱ्याला तरी वाटल्याशिवाय राहत नाही.

ग्रंथातला नियम मात्र यांत्रिक आहे. दोन वस्तूंचे भाव आणि नग दोन उभ्या ओळींत मांडायचे, भावांची आपसांत अदलाबदल करायची, मग जिकडे अधिक पदे आहेत तिकडच्या गुणाकाराला दुसऱ्या बाजूच्या गुणाकाराने भागायचे. एका ओळीत १६, ३०० आणि १०. दुसरीत १ आणि ३०. भाव बदलले आणि विचारलेले १० आंबे डाळिंबांच्या ओळीत नेले की इकडे १ आणि ३००, तिकडे १६, ३० आणि १०. ४,८०० भागिले ३००, उत्तर १६. भाव का बदलायचे, याचे कारण वर आलेच : महागाचे नग कमी. हे कारण न सांगता नियम शिकवला तर तो आठवडाभर टिकतो. कारण आधी कळले तर नियम लागतच नाही. म्हणून वर्गात तो शेवटी दाखवावा, गंमत म्हणून.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. तिथल्या शके ११२८ च्या शिलालेखात मठाला दिलेल्या उत्पन्नाची जी नोंद जुन्या मराठीत आहे, तीत चालत्या घाण्यामागे पळीभर तेलाचा उल्लेख येतो. द्रम्म-पणांचे हिशेब शिकवणारी पाठशाळा काही अंशी तेलावर चालत होती, हे सांगितले की मुले खुश होतात.

मधला माल नेहमी उघडा दिसतोच असे नाही. कधी दोन मिश्र सौदे दिलेले असतात आणि त्यांतून तो सोडवून घ्यावा लागतो. किनारपट्टीच्या गावांत सुकी मासळी घेऊन वरच्या अंगाच्या वाड्यांवर जायचे आणि बदल्यात भात आणायचा, ही कोळिणींची जुनी रीत; पावसाआधीच्या आगोटीला तिला जोर येई. तिथल्या धर्तीचे एक उदाहरण असे. २ शेर कुळीथ आणि ३ वाटे जवळा यांना मिळून १२ शेर भात. २ शेर कुळीथ आणि १ वाटा जवळा यांना ८ शेर भात. तर एक वाटा जवळ्याला भात किती? बीजगणित न आलेले मूलही हे सोडवते, फक्त त्याला दोन्ही सौदे एकाखाली एक मांडून दाखवावे लागतात. कुळीथ दोन्हीकडे तितकाच. मग भातात ४ शेरांचा फरक पडला तो कशाने? जास्तीच्या २ वाट्यांनी. म्हणजे वाट्याला २ शेर. ८ मधून ते २ गेले, उरलेले ६ शेर २ शेर कुळथाचे. कुळथाच्या शेराला भात ३ शेर. पहिल्या सौद्यावर ताळा बघायचा : ६ आणि ६, बारा.

या ठिकाणी गावातले एखादे मूल हमखास विचारते, भात की तांदूळ? प्रश्न रास्त आहे. १०० किलो भात कांडून हाती साधारण ६५-६७ किलो तांदूळ येतो, तेव्हा ‘भात’ म्हणताना तुसासकट की शिजवायचा, यावर सगळे उदाहरण फिरते. शहरी वर्गात हा प्रश्न येत नाही. तिथे भात ताटातच भेटतो.

उदाहरणे रचणाऱ्या शिक्षकांच्या हातून होणारी एक चूक मात्र पुस्तकांतही सापडते. तीन वस्तू घेऊन तिघींचे तीन भाव ठोकून दिले जातात : शेळीला १५ कोंबड्या, ३ कोंबड्यांना १० पायल्या, आणि शेळीला ४५ पायल्या. पहिले दोन भाव म्हणतात ५०, तिसरा म्हणतो ४५. मग दोन मुले दोन वाटांनी जातात, दोन उत्तरे आणतात आणि दोघेही बरोबर असतात. ज्वारी देऊन शेळी घ्यायची, शेळीच्या कोंबड्या करायच्या, कोंबड्यांची ज्वारी करायची; फेरीमागे ५ पायल्या फुकट. खऱ्या बाजारात असा फरक चार लोकांच्या लक्षात आला की संध्याकाळपर्यंत भाव सरकतात. कागदावर ते सरकत नाहीत. म्हणून रचनेचा नियम असा : तीन वस्तूंना दोनच भाव द्यावेत, पाच वस्तूंना चार. पाच वस्तूंच्या जोड्या दहा होतात, पण चार भाव ठरले की उरलेले सहा त्यांतूनच निघतात. पैसा आल्याने वाचले ते हेच. एकेका वस्तूला एकेक किंमत लावली की जोड्यांचे भाव पाठ करायला नकोत. विनिमयाची दुसरी अडचण, म्हणजे मला हवे ते तुझ्याकडे आणि तुला हवे ते माझ्याकडे असा दुहेरी योग जुळण्याची, ती जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७५ च्या आपल्या ग्रंथात मांडली. गणिताच्या पुस्तकात ती कधीच येत नाही. तिथे प्रत्येकाला समोरच्याचा माल हवाच असतो.

पुस्तकातली समानता आणि दारावरची समानता यांत आणखीही अंतर आहे, आणि आठवडी बाजाराजवळ वाढलेली मुले ते बरोबर दाखवून देतात. पुस्तकात १ शेळी म्हणजे १५ कोंबड्या असेल तर १५ कोंबड्या म्हणजे १ शेळी. बाजारात तसे नसते. शेंगदाणे घालून तेल आणता येते, तेल घालून शेंगदाणे आणता येत नाहीत. गावच्या दुकानात जोंधळे घालून गूळ आणायला गेले तर जोंधळे दुकानदार आपल्या भावाने घेतो आणि गूळ आपल्याच भावाने देतो. पायली शीग लावून घेतो आणि शीग मोडून देतो. बलुतेदाराला खळ्यावर मिळणारे धान्य तर नगाच्या भावाने ठरलेलेच नसे. सुतार-लोहाराने वर्षभर लागेल ते काम करायचे आणि सुगीला आपला हक्क न्यायचा. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’त ही व्यवस्था तपशिलाने आली आहे. नांगराच्या एका फाळाला किती शेर, असे समीकरण तीवरून मांडता येणार नाही.

जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीचा व्यवहार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दुपारी ती पायरीवर टोपली उतरवते, भांडी मांडते. घरातून आलेली साडी पसरत नाही. दोन हातांत ताणून उजेडासमोर धरते, विरलेली जागा बोटाने दाखवते. शर्टाची आधी कॉलर बघते. जरीचा काठ असला तर ती साडी न बोलता वेगळी ठेवते.

“वहिनी, एवढ्यात पातेलं नाही बसत. एक पँट टाका अजून.”

“चार साड्या दिल्यात की!”

“दोन विरल्यात. बरं, पँट नको, टॉवेल द्या एखादा. वर ही चाळणी देते.”

शेवटी चार साड्या आणि एक टॉवेल यांना एक पातेले आणि चाळणी, असा सौदा होतो. यावरून एका साडीची किंमत काढा म्हटले तर निघत नाही. चारही साड्या वेगळ्या; एक सौदा, साड्यांचीच चार अज्ञाते, आणि चाळणी किमतीची म्हणून दिली की सौदा मोडू नये म्हणून, तेही ठाऊक नाही. पुस्तकातले गणित यातले सगळे पुसून टाकते : प्रत्येक नग सारखा, माप सारखे, देण्याचा आणि घेण्याचा भाव एक. हे पुसल्याशिवाय गणित होणार नाही. फक्त ते पुसले आहे हे मुलांना सांगावे, नाहीतर बाजार पाहिलेले मूल गणिताला खोटे समजते आणि बाजार न पाहिलेले मूल बाजारालाच गणित समजते.

शाळांत बाल आनंद बाजार भरतो तेव्हा काही शिक्षक एक तास पैसे बंद ठेवतात. बोरे, पेन्सिली, कागदी होड्या, शेंगा. फळ्यावर दोन-तीन भाव लिहून दिलेले असतात. पहिली काही मिनिटे मुले फळ्याकडे बघून चोख देवघेव करतात. मग बोरे संपत येतात आणि बोरांचा भाव फळ्याला न जुमानता चढतो. या क्षणी शिक्षकाने फळ्यावरचा भाव पाळा म्हणून ओरडू नये. जुना भाव पुसून नवा लिहावा आणि त्याने बाकीचे कोणते भाव बदलतात हे विचारावे. एका पेन्सिलीला ६ बोरे होती ती आता ४ झाली. पेन्सिलीला ३ होड्या तशाच आहेत. मग होडीला बोरे किती? आधी २ होती, आता ४ भागिले ३. कोणी म्हणते दीड, कोणी म्हणते एक. मग कोणीतरी सांगते, तीन होड्या एकदम द्या आणि चार बोरे घ्या.

न भागणारा शेष कसा मिटवायचा, हा या उदाहरणांचा शेवटचा भाग. शेळीच्या ५० पायल्या, आणि समोरच्याकडे आहेत १४ कोंबड्या. बारा कोंबड्यांच्या ४० पायल्या, उरलेल्या दोघींच्या ६ पायल्या आणि २ शेर व वर दोन तृतीयांश. एकूण ४६ पायल्या, २ शेर आणि शेराचे दोन तृतीयांश. कमी पडतात ३ पायल्या आणि सव्वा शेराहून किंचित जास्त, म्हणजे नेमकी एक कोंबडी. ती नसेल तर तितकी ज्वारी घालावी लागते. ज्वारीही नसेल तर ‘पुढच्या बाजारी’ असे तोंडी ठरते, आणि ते देणे कोंबडीत लिहायचे की ज्वारीत, हे त्याच वेळी ठरवून घ्यावे लागते. कारण पुढच्या बाजारात ३ कोंबड्यांना १० पायल्या हाच भाव राहील असे नाही.